बाहेरच्याने गप्प बसायचं नाही

१

दोष लायनेलमामाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा दोष फिरून फिरून मी कॉलेज सोडलं यावरच येऊन थांबतो. आईची पाठ धरली, मी कॉलेज सोडलं म्हणून. तिच्या नव्या नवऱ्याने गाडी खांबावर घातली, तेही बहुधा त्यामुळेच. या वेळी नाही. मामाला माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं, आणि बोलण्याची तर त्याच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

मामाची एक नॅरोबोट होती. दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील इतकी अरुंद, आणि लांबच लांब. स्टॅफर्डशायरमधल्या एका आडबाजूच्या कालव्यावर तो तिच्यात बारा वर्षं एकटा राहिला. मग गुडघे गेले, आणि स्टोकमध्ये एक बैठं घर घेऊन तो टीव्हीसमोर जाऊन बसला. शरद लागला तसं त्याने मला बोलावून घेतलं.

"तुला आईच्या घरात राहायचं नाही, आणि तिच्या नवऱ्याला तू तिथे नको आहेस. बरोबर?"

"बरोबर."

"मग बोटीवर जा. हिवाळा काढून दाखव. टाकीत पाणी ठेव, बॅटऱ्या मरू देऊ नकोस. मार्चमध्ये बोट तुझ्या नावावर करतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर त्याच्या सोफ्यावर परत जा आणि त्याचं घोरणं ऐक."

माझ्या नावावर छप्पर. आजवर मला कुणी एवढं मोठं काही देऊ केलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. कुणीही म्हणालं असतं.

२

जायच्या आधी टाकी रंगवायची होती.

बोटीची पाण्याची टाकी तिच्या नाकात असते. पुढच्या उघड्या ओट्याच्या खाली, लोखंडाची, बोटीच्या अंगाचाच एक भाग. दर काही वर्षांनी ती रिकामी करायची, झाकण काढून आत उतरायचं, गंज खरवडायचा आणि आतून काळं डांबर फासायचं. आत नीट बसताही येत नाही. पाठीवर पडून डोक्यावरचं लोखंड रंगवायचं. डांबराच्या वाफेने डोकं हलकं होतं, मग मजा वाटायला लागते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून कालव्यावर एक रीत आहे, सगळे पाळतात. आत एक, बाहेर एक. बाहेरच्याने झाकणापाशी बसून बोलत राहायचं. काहीही बोला, पण बोला. आतल्याने मधूनमधून लोखंडावर दोनदा ठोकायचं, म्हणजे ऐकतोय, शुद्धीत आहे. ठोकणं थांबलं की पाय धरून ओढायचं. आणि आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्याने गप्प बसायचं नाही.

मामाचं पोट त्या भोकातून जाणार नव्हतं. म्हणून आत मी.

"तर मी तिला म्हटलं, बाई, तुझी आई आपल्याकडे राहायला येणार असेल तर मी टाकीत राहायला जातो. ऐकतोयस?"

टक टक.

"आणि आली की रे ती! कांदा न चिरतासुद्धा रडायची. कुठून आणायची एवढं पाणी कोण जाणे. आहेस ना?"

टक टक.

एकदा माझे दोन्ही हात गुंतलेले होते, ठोकायचं राहून गेलं. मामा थांबला नाही. "हं, शाब्बास," म्हणाला आणि सासूचं पुढे सुरू केलं. कामचुकार साला, मला वाटलं. मी मेलो असतो तरी याची गोष्ट संपली नसती.

झाकणाजवळ, डोक्यावरच्या लोखंडावर, एका जागी जुनं डांबर नव्हतंच. बशीएवढा गोल. बाकी टाकीत गंजाचे पापुद्रे सुटलेले, आणि तेवढीच जागा घासून घासून चकचकीत केलेली.

"मामा, इथे काय घासत होतं?"

बाहेरचा आवाज तुटला. एकच क्षण. मग घाईघाईने आला, "त्याच्यावर दोन हात मार. तीन मार. जाड मार. तर काय सांगत होतो, सासूबाई..."

मी बाहेर आलो. ओट्यावर बसून खोकलो, थुंकलो, आकाशाकडे बघितलं. मामा बोलतच होता. माझ्याशी नाही. भोकाकडे तोंड करून बोलत होता, आणि बोलता बोलता हाताने झाकण ओढत होता. बोल्ट आवळून होईपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा त्याने मान पुसली आणि गप्प झाला.

"मी बाहेर आलोय, मामा."

"दिसतंय मला," तो म्हणाला.

म्हातारी माणसं अशीच, मी मनात म्हटलं. सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नाही.

३

डिसेंबरपर्यंत छान चाललं. सकाळी उठून शेगडीतली राख काढायची, कोळसा घालायचा, किटली ठेवायची. दुपारी इंजिन चालवायचं म्हणजे बॅटऱ्या भरतात. छतावर सोलर पॅनल आहे, पण आमच्याकडच्या हिवाळ्यात ते नुसतं शोभेला. अधूनमधून बोट काठावरच्या नळापर्यंत न्यायची आणि पाईप लावून टाकी भरून घ्यायची. टाकी भरली की बोटीचं नाक खाली बसतं. पाणी वापरत जाल तसं ते वर येतं. त्यामुळे किती पाणी उरलंय हे बघायला मापक लागत नाही. टेबलावरच्या कपात चहा कुठल्या बाजूला कलतोय ते बघितलं की झालं.

कुणी येत नव्हतं. कधी काठाच्या पायवाटेवरून एखादा म्हातारा कुत्र्याला ओढत जायचा. दिवसचे दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. किटली खाली ठेवल्याचा आवाज मोठा वाटायचा. मी स्वतःला सांगायचो, हेच तर हवं होतं.

मग पंप वाजला.

बोटीवर नळ उघडला की पाइपातला दाब पडतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की थांबतो. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो होतो, नळाला हातही लावला नव्हता. पंप घुर्र करून वाजला, क्षणभर, आणि थांबला.

यात घाबरण्यासारखं काही नाही. कालव्यावरचं शेंबडं पोरही सांगेल, कुठेतरी थेंब थेंब गळतंय. मी पायाखालच्या फळ्या उचलल्या. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, ओला झाला की कळेल म्हणून. एकही ओला झाला नाही. बोटीच्या तळाला हात फिरवला तर धूळ लागली.

घुर्र.

रोज थोडं जास्त. मी पुस्तक वाचत असलो की हमखास. इंजिन चालू असलं की ऐकू यायचं नाही, म्हणून मी इंजिन जरा जास्तच वेळ चालवायला लागलो आणि स्वतःला सांगितलं की बॅटऱ्यांसाठी करतोय.

४

कोळसा, डिझेल, गॅसच्या टाक्या विकत फिरणारी एक बोट आमच्या कालव्यावर येते. ती डॉट चालवते. साठीची बाई, हात कोळशाने कायमचे काळे. स्टोककडची माणसं लाडाने एकमेकांना बदक म्हणतात, आणि डॉट तर कुत्र्यामांजरांनाही म्हणते.

"काय रे बदका, थोबाड का असं? कुणी मेलं का?"

"पंप वाजतो सारखा. गळत तर काहीच नाही."

"जोड बघितलेस?"

"सगळे."

"गिझरची झडप?"

"डॉट, सगळं बघितलं."

तिने कोळशाची गोणी माझ्या छतावर आदळली. "लायनेलकडेही वाजायचा तसाच. पहिली पहिली मला सांगायचा. मग सांगायचा बंद झाला आणि बडबडायला लागला."

"तो तर जन्मतःच बडबड्या आहे."

"तो? अरे, घुम्या होता नुसता! तो आणि त्याचा जोडीदार क्लेम, दोघं राहायचे या बोटीवर. दोघांचे मिळून दिवसाला चार शब्द. कोळसा हवाय का विचारलं तर मान हलवायचे बैलासारखी. मग क्लेम गेला सोडून, आणि हा एकदम रेडिओच झाला. पावसात त्या पुढच्या ओट्यावर बसून एकटाच बोलायचा. मी म्हटलं, एकटेपणा. होतं असं."

"क्लेम कुठे गेला?"

"क्रू गावाच्या अलीकडे लाकडाच्या वखारीत आहे. दिसतो की. हात करतो." ती दोर सोडायला वाकली. "बोलत मात्र नाही. घसा गेला म्हणतात. या बोटीवरून उतरला तेव्हापासूनच."

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तूही वाळलायस. दाबून खा. उद्यापासून बर्फ धरणार आहे, मला परत यायला जमेलच असं नाही."

५

बर्फ धरलं. सकाळी कालवा पांढरा आणि घट्ट झाला, बोट जागच्या जागी चिमट्यात धरल्यासारखी. पायवाटेवर कुणी नाही. काठावरचा नळ गोठला. टाकीत होतं ते पाणी, बॅटऱ्यांत होती ती वीज, आणि मी.

घुर्र. घुर्र. घुर्र.

आणि मग मला एक साधी गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. पंप इतका चालतोय तर बॅटरी उतरायला हवी. मी सकाळी मीटर बघितला. काल इंजिन बंद केल्यावर होतं जवळजवळ तितकंच. पंप चालतोय तर पाणी कुठेतरी जायला हवं आणि नाक वर यायला हवं. कप टेबलावर ठेवला. चहा पुढच्या बाजूलाच कललेला, नाकाकडे, जसाच्या तसा.

मीटर खोटं बोलेल. चहा खोटं बोलणार नाही.

मी पंपाचा फ्यूज काढला. हातात घेऊन बसलो. काचेची छोटी नळी, शर्टाच्या बटणाएवढं वजन.

घुर्र.

पंप पायरीखालच्या कपाटात आहे. मी दार उघडून त्याच्यावर तळहात ठेवला. गार. निपचित. आणि तळहात तिथेच असताना तो आवाज पुन्हा आला. कपाटातून नाही. बोटीच्या दुसऱ्या टोकाकडून, शेगडीमागच्या लोखंडी भिंतीपलीकडून. टाकीतून. आता नीट ऐकल्यावर कळत होतं की हा आवाज पंपासारखा आहे, पण पंपाचा नाही. कुणीतरी पंपाचा आवाज ऐकून ऐकून पाठ केला होता, आणि घशाने काढत होता.

"कोण आहे?" मी म्हणालो. डॉट गेल्यापासून काढलेला पहिला शब्द.

टक टक.

६

मी बुद्धीने चालणारा माणूस आहे. लोखंड थंडीत आकसतं, वाजतं. बर्फ बोटीला दाबतं, वाजतं. हे सगळं मी मोठ्याने बोललो, प्राध्यापकासारखा हातवारे करत. प्रत्येक वाक्यानंतर थांबलो की टक टक. बोलत असेपर्यंत शांत. रेडिओ लावून बघितला. रेडिओवर घुर्र थांबत नव्हतं. आईला फोन लावला, तिने तासभर तिच्या पाठीचं आणि माझ्या कॉलेजचं सांगितलं, मी हं हं करत राहिलो आणि तेवढा वेळ शांतता होती. फोन ठेवला. घुर्र.

त्याला माझाच आवाज हवा होता.

आता एक गोष्ट सांगतो, कुणाला पटो न पटो. पहिले दोन दिवस बरं वाटलं. मी शेगडीपाशी बसून बोलायचो. कॉलेज का सोडलं ते बोललो. वर्गात शंभर जण असताना मला कुणी नावाने ओळखत नव्हतं ते बोललो. आईच्या लग्नात मी पार्किंगमध्ये बसून होतो ते बोललो. मध्येच थांबून "आहेस?" विचारायचो आणि टक टक यायचं. लगेच. उशीर नाही, उपदेश नाही, "तुझ्या वयात आम्ही" नाही. माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

पण झोपायचं कसं? डोळा लागला की घुर्र, आणि ते आता पूर्वीसारखं क्षणभराचं राहिलं नव्हतं. त्यात काहीतरी शब्दासारखं यायला लागलं होतं. माझ्यासारखं खोकून सुरू व्हायचं.

निघून जावं तर सोफा. आणि रिकामी बोट त्या थंडीत पाईप फुटून बसली असती. मग मार्चमध्ये माझ्या नावावर काय, भंगार? मी मामाला फोन लावला.

"मामा, टाकीत काय आहे?"

"पाणी."

"मामा."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "त्या डॉटने तोंड उघडलं वाटतं."

"क्लेम टाकीतून बाहेर आला होता का?"

"आला! म्हणजे काय! मी स्वतः त्याला चहा करून दिला. आपल्या पायांनी चालत गेला तो. उगाच काहीबाही मनात आणू नकोस."

"मग?"

"सकाळी आमचं भांडण झालं होतं. फालतू, कोळशावरून. तो आत रंगवत होता आणि मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मी बसलो गप्प. आतून टक टक. मी म्हटलं, ठोक लेका, ठोक. मग बराच वेळाने तो आला बाहेर. पांढरा पडलेला. माझ्याकडे बघितलं, एक शब्द नाही. आणि त्याच्यामागे टाकीत टक टक चालूच होतं रे."

"आणि तू झाकण लावलंस."

"तू काय केलं असतंस?"

"मी मला सांगितलं असतं, मामा! मला आत घातलंस तू! मी तिथे पाठीवर पडलो होतो!"

"मी बोलत होतो ना सतत. बोलत राहिलं की काही करत नाही."

"आणि ते पाणी बारा वर्षं प्यायलास?"

"उकळून."

मला हसू आलं. खरंच आलं. मग त्याने जे म्हटलं त्यानंतर आलं नाही.

"बारा वर्षं बोललो, कॉरी. आता दमलो. तू तरुण आहेस."

७

रीत सांगते, आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्याने बोलायचं. मामा बारा वर्षं बोलला, पण झाकण बंद ठेवून. बाहेर ये असं त्याला म्हणायचंच नव्हतं. त्या पिढीचं सगळंच असं. बडबड करतील, पण झाकण उघडणार नाहीत.

लख्ख सकाळ होती. बर्फावर ऊन. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर गेलो, बोलत बोलत बोल्ट सोडले आणि झाकण सरकवलं. डांबराचा वास आला. पाणी काळं, वरपर्यंत. मी टॉर्च मारला.

वरच्या लोखंडावर मी तीन हात दिले होते. ती बशीएवढी जागा पुन्हा चकचकीत झाली होती. तिच्यावर काहीतरी चिकटलेलं होतं. मला वाटलं, पाइपाचं रबर सुटून तरंगत आलंय.

तो कान होता. लोखंडाला दाबून धरलेला, फिकट, पाण्यात फार दिवस राहिलेल्या कातडीसारखा. त्याच्याखालचं सगळं पाण्यात होतं. मी बोलायचा थांबलो होतो. कान हळूच लोखंडावरून सुटला, ओल्या टेबलावरून कप उचलताना होतो तेवढाच आवाज झाला, आणि तो भोकाकडे वळला.

मी डोळे मिटले आणि बोलायला लागलो.

काय बोललो ते सगळं आठवत नाही. बाहेर ये, म्हणालो. कुणी रागावलेलं नाही, म्हणालो. मामाला शिव्या दिल्या, नीट, एकेक घालून. पार्किंगमधलं पुन्हा सांगितलं. टक टक जवळ आलं. मग झाकणाच्या कडेवर आलं, माझ्या गुडघ्यापाशी. माझा घसा बसत चालला होता, आवाज चिरकायला लागला होता, आणि प्रत्येक वाक्यागणिक थोडा कमी होत होता, जसा कुणी माझ्या तोंडातूनच उचलून घेतोय. मी थांबलो नाही. डोळे उघडले नाहीत. माझ्या गालाजवळ गार हवा होती, आणि ती माझ्याबरोबर श्वास घेत होती.

मग बोट झुकली.

बोटीवर राहणाऱ्याला ते झुकणं झोपेतही कळतं. कुणीतरी काठावर उतरलं की बोट आधी त्या बाजूला कलते आणि मग सरळ होते. भोवतीचं बर्फ कडाडलं. बोटीचं नाक वर उचललं गेलं, माझा कप घसरत मागे गेला आणि सांडला.

डोळे उघडले तेव्हा टाकीत नुसतं पाणी होतं, काठोकाठ. आणि नाक वरच होतं, रिकाम्या टाकीसारखं.

"कोण आहे?" मी पायवाटेकडे बघून ओरडलो. तोंड उघडलं, छाती भरली, गळ्याच्या शिरा ताणल्या.

नुसती हवा आली.

८

डॉक्टरने घशात कॅमेरा घालून बघितलं. सगळं जागच्या जागी आहे म्हणाला, मनावर काही ताण आहे का विचारलं. मी कागद मागून त्याच्यावर लिहिलं ते इथे लिहीत नाही.

बोट आता शांत आहे. पंप नळ उघडला की वाजतो, एरवी नाही. बॅटऱ्या चार्ज धरून राहतात.

फेब्रुवारीत मामाचे मेसेज यायला लागले. मी बोटीवर होतो, बर्फ सुटून गेलं होतं, डॉट नुकतीच कोळसा टाकून गेली होती.

*दारात उभा राहून काय बोलतोयस? बेल वाजव की.*

मला बोलताच येत नाही, असं मी लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी, *बोलता येत नाही म्हणे! तुझा आवाज मी ओळखत नाही होय? आत ये नाहीतर जा.*

मग रोज एक. मग दिवसातून बरेच. शेवटचा होता, *पोरा, थोडा वेळ तरी गप्प बस. पाया पडतो.*

मी उत्तर टाइप केलं. *ऐकतोयस ना, मामा? मग दोनदा ठोक.*

मार्चमध्ये बोट माझ्या नावावर झाली. आवाज परत आला नाही.